आरोग्य-शंका: ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं

मुलांच्या खुंटलेल्या उंचीवर गेल्या अंकात लेख आला होता. त्यानंतर ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच औषधाबद्दल आहेत. वाचकांची नावं गाळून त्यातली आठ पत्रं घेतली आहेत. पहिलं पत्र सगळ्यात उशिरा आलं, पण ते मुद्दाम आधी घेतलं आहे. अशीच तक्रार असलेलं मूल तुमच्या घरी असेल, तर बाकीचा मजकूर नंतर वाचा.

मुलगा बारा वर्षांचा आहे. सात महिने रोज रात्री इंजेक्शन घेतो, उंची छान वाढतेय. पंधरा दिवसांपासून डावा गुडघा दुखतो म्हणतो, जरा लंगडतोही. शेजारी म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, तेल लावून चोळा. अजून थोडं थांबून बघावं का? (एक आई, खारघर)

थांबू नका. आजच त्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. दुखतोय गुडघा, तरी एक्स-रे खुब्याचाच हवा, आणि दोन्ही बाजूंचा: एक समोरून, एक बेडकासारखे पाय फाकवून. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याखालचा दांडा यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. उंची झपाट्यानं वाढत असताना हा भाग कमजोर असतो आणि क्वचित गोळा त्यावरून घसरतो. खुब्याची आणि गुडघ्याची संवेदना नेणाऱ्या नसा एकच असल्यामुळे मूल बोट गुडघ्याकडे दाखवतं. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि आणखी महिना वाया जातो.

एक्स-रे होईपर्यंत त्या पायावर भार देऊ नये. जिन्यावरून उचलून आणा, दवाखान्यात चाकाची खुर्ची मागा. चोळणं आणि हाडवैद्याकडून पाय ओढून घेणं पूर्ण बंद. गोळा घसरला असेल तर तो आहे तिथेच स्क्रूनं पक्का करतात. उशीर झाला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून सांधा कायमचा बिघडू शकतो. एक्स-रे डॉक्टरांनी पाहेपर्यंत इंजेक्शन देऊ नका आणि इंजेक्शन सुरू करणाऱ्या डॉक्टरांना फोनवर कळवा. वाढीचं साधं दुखणं रात्री येतं, बहुधा दोन्ही पायांत असतं आणि सकाळी मूल धावत सुटतं. लंगडणं त्यात बसत नाही.

तातडीचं दुसरं लक्षण म्हणजे डोकेदुखीबरोबर उलटी, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं. उपचार सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही मुलांच्या मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो. इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्यामागची नस सुजली आहे का ते पाहून घ्यायचं. इंजेक्शन थांबवलं की दाब बहुधा उतरतो आणि पुढे कमी डोसवर पुन्हा सुरुवात करता येते. पाठीच्या कण्यावरही लक्ष हवं. मुलाला उघड्या पाठीनं पुढे वाकायला सांगा. बरगड्यांची एक बाजू उंच दिसली तर पुढच्या भेटीत सांगा. हे औषध कणा वाकडा करत नाही, पण आधीचा बाक वाढीच्या वेगाबरोबर वाढू शकतो.

मुलगा नऊ वर्षांचा, उंची 112 सेंटीमीटर. गेल्या जूनमध्ये शाळेच्या नोंदीत 109 होती. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. लॅबच्या पॅकेजमध्ये ग्रोथ हॉर्मोन फार कमी आलं, म्हणून इंजेक्शन सुरू करा असं एकांनी सुचवलंय. माझी उंची 154, यांची 168. सुरू करावं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

त्या रिपोर्टवर अजिबात विसंबू नका. हे हॉर्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून लाटांसारखं सुटतं, जास्तीत जास्त गाढ झोपेत. दिवसा कोणत्याही निरोगी मुलाचं रक्त घेतलं तरी आकडा शून्याजवळ येऊ शकतो. पॅकेजमधल्या त्या एका ओळीवरून निदान होत नाही आणि तिच्यावरून इंजेक्शन सुरू करणं चूक आहे.

काळजी करण्यासारखा आकडा तुमच्या पत्रात दुसराच आहे: वर्षात 3 सेंटीमीटर. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढतं. पूर्ण वर्षात 4 पेक्षा कमी वाढलं तर तपासायलाच हवं. पण आधी ते माप खरं आहे ना, ते बघा. शाळेत बूट घालून मापतात, घरी टेप सैल धरतात. भिंतीला टेप चिकटवा. मूल अनवाणी उभं करा, टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. मुलीचा अंबाडा किंवा वेणी सोडा. डोक्यावर कंपासपेटीतला गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. वेळ नेहमी सकाळचीच ठेवा, कारण दिवसभर उभं राहून मणके दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटीमीटरभर कमी भरते. दोन मापांत किमान सहा महिन्यांचं अंतर हवं. दर महिन्याला मोजलं तर आकडे फसवतात.

आईवडिलांची उंचीही धरायची. मुलग्यासाठी दोघांच्या उंचीची बेरीज, अधिक 13, भागिले दोन. मुलीसाठी 13 वजा करायचे. तुमच्या घरात हे 167.5 सेंटीमीटर येतं, आजूबाजूला साधारण 8 सेंटीमीटरचा पट्टा. म्हणजे "घरातच बुटकेपणा आहे" एवढ्या स्पष्टीकरणावर तुमच्या मुलाची उंची सोडून देता येणार नाही. भारतीय बालरोग संघटनेच्या 2015 च्या तक्त्यावर आतापर्यंतची सगळी मापं मांडून घ्या. रेघ एकसारखी वर जाते आहे की खालच्या रेघांकडे घसरते आहे, हे तिथे लगेच दिसतं.

मग तपासण्या. डाव्या हाताच्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय, रक्तगणना, ईएसआर, थायरॉइड, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीलिअ‍ॅकची टीटीजी, आणि आयजीएफ-1 (ग्रोथ हॉर्मोनच्या प्रभावानं यकृत बनवतं तो घटक). मुलगी असेल तर गुणसूत्रांची तपासणी हवीच. दम्यासाठी स्टिरॉइड चालू असेल, मूल धड जेवत नसेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. यातलं काही सापडलं तर आधी ते दुरुस्त करतात. बऱ्याच मुलांची उंची तेवढ्यानंच मार्गी लागते.

एवढं करूनही शंका उरली, तरच उत्तेजन चाचणी. सकाळी उपाशीपोटी क्लोनिडीनची गोळी देतात आणि दोन तास दर अर्ध्या तासानं रक्त घेतात. निरोगी मुलंही एखाद्या चाचणीत "नापास" होतात, म्हणून सहसा दोन वेगवेगळ्या औषधांनी चाचण्या करतात. किती आकड्याखाली कमतरता म्हणायची ते लॅबच्या पद्धतीवर ठरतं, साधारण 7 ते 10 नॅनोग्रॅमच्या दरम्यान. थायरॉइड कमी असेल तर ते आधी भरून काढलं पाहिजे, नाहीतर निकाल खोटा येतो. क्लोनिडीननं रक्तदाब उतरतो आणि मूल पेंगतं. परतताना लोकलच्या गर्दीत नेऊ नका, रिक्षा करा, आणि संध्याकाळपर्यंत उठून एकटं चालू देऊ नका. कमतरता पक्की झाली की पिट्युटरीचा एमआरआय होतो. सुई त्यानंतर.

डॉक्टरांनी 0.5 लिहून दिलंय, पेनाच्या खिडकीत युनिट दिसतात आणि दुकानदार वेगळंच सांगतो. मुलीचं वजन 20 किलो. खर्चाचंही काही होईल का? (कळवा)

1 मिलिग्रॅम म्हणजे 3 युनिट. हॉर्मोनच्या कमतरतेत मुलांचा डोस किलोला रोज 25 ते 35 मायक्रोग्रॅम असतो. म्हणजे 20 किलोला 0.5 ते 0.7 मिलिग्रॅम, अर्थात 1.5 ते 2.1 युनिट. तुमच्या कागदावरचे 0.5 हे मिलिग्रॅम असणार, पण तसं डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते युनिट समजून दिलं तर मुलीला एक तृतीयांशच औषध मिळेल, आणि 1.5 युनिटच्या जागी 1.5 मिलिग्रॅम फिरवलं तर तिप्पट.

चूक पकडण्याची सोपी खूण: 5 मिलिग्रॅमचं कार्ट्रिज रोज 0.5 नं दहा दिवसांत संपलं पाहिजे. पहिल्या थेंबांत थोडं वाया जातं, त्यामुळे एखादा दिवस कमी. पंधरा दिवस पुरलं तर डोस कमी जातोय. कार्ट्रिज ज्या कंपनीचं, पेनही त्याच कंपनीचं आणि त्याच ताकदीचं हवं. 5 आणि 10 मिलिग्रॅमची खोकी सारखी दिसू शकतात. दुकानातून बाहेर पडण्याआधी जुन्या खोक्याशी ताडून बघा. वजन वाढतं तसा डोस बदलतो, म्हणून दर तीन महिन्यांच्या भेटीत वजन आणि उंची दोन्ही.

खर्चाबद्दल: दुकानांत भाव विचारताना खोक्याचा नको, मिलिग्रॅममागे किती पडतात ते विचारा, तरच तुलना होते. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात चाचणीनं सिद्ध झालेली ग्रोथ हॉर्मोनची कमतरता आणि टर्नर सिंड्रोम (मुलींमधला एक्स गुणसूत्राचा जन्मजात दोष) यांचा समावेश आहे. परळचं केईएम हे त्यासाठीचं मान्यताप्राप्त केंद्र आहे. जाताना वाढीचा तक्ता, दोन्ही चाचण्यांचे मूळ रिपोर्ट आणि एमआरआय न्या. निदानाचा कागद अर्धवट असला तर अर्ज पुढे सरकत नाही.

गणपतीला गुहागरला जातो, दहा दिवस. खोपटच्या डेपोतून रात्रीची एसटी. पेन कसं न्यायचं? आणि घरी टोचल्यावर सुईच्या टोकाला थेंब राहतो, ते बरोबर आहे का? (वर्तकनगर, ठाणे)

औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. उन्हापेक्षा बर्फाची भीती जास्त, कारण गोठलेलं औषध वितळल्यावर नितळ दिसलं तरी निकामी झालेलं असू शकतं. ते फेकायचंच. घरचा फ्रिज एका दाराचा असेल तर फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये आणि मागच्या भिंतीला लावून कधीच ठेवू नका, तिथे बर्फ धरतो. दारातल्या कप्प्यात तापमान वरखाली होतं. मधल्या फळीवर झाकणाचा डबा, त्यात पेन आणि शेजारी फ्रिजचा थर्मामीटर, ही योग्य जागा. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज काही तास सहज थंड राहतो.

प्रवासाला जाड भिंतीची थर्मासची पिशवी घ्या. जेल पॅक फ्रीझरमधून काढला की बाहेर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, त्याला घाम फुटला की तो जाड रुमालात गुंडाळा. पेन वेगळ्या डब्यात. पॅक आणि पेन एकमेकांना टेकता कामा नयेत. पाण्यात भिजवून वाऱ्यावर गार राहणाऱ्या पिशव्या कोकणात भाद्रपदात भरवशाच्या नाहीत. हवेत आधीच एवढी ओल असते की पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर गारवा कुठून येणार? पिशवी मांडीवर ठेवा, एसटीच्या डिकीत नको. काही कंपन्यांचं उघडलेलं पेन 25 अंशांखाली काही दिवस बाहेर चालतं, पण किती दिवस ते प्रत्येकाचं वेगळं. खोक्यातला कागद वाचा. गावी पोचताच पेन फ्रिजमध्ये.

आता थेंब. सुई काढल्यावर टोकाला बारीक ओल दिसणं ठीक. टपोरा थेंब पडत असेल किंवा कातडीवर ओघळत असेल तर डोस पूर्ण गेलेला नाही. कारणं सहसा दोन: बटण दाबून लगेच सुई काढली, किंवा कार्ट्रिजमध्ये हवेचा बुडबुडा आहे. बटण शेवटपर्यंत दाबल्यावर सावकाश दहा मोजा, मग सुई बाहेर. दर वेळी नवीन सुई लावा आणि टोचून झालं की काढून टाका. सुई पेनावरच राहिली तर थंड-गरम होताना हवा आत शिरते आणि औषध गळतं. नव्या कार्ट्रिजला पेन सुई वर करून धरा, टिचकी मारून बुडबुडा वर आणा आणि कागदात सांगितलेला छोटा डोस हवेत सोडा. थेंब दिसला की पेन तयार. औषध गढूळ किंवा तुकडे-तुकडे दिसलं तर वापरू नका. पूड विरघळवून घ्यायची असेल तर पाणी बाटलीच्या कडेनं सोडा आणि बाटली हातात हळू गोल फिरवा. हलवून फेस आणला की प्रथिन मोडतं.

वेळ रात्री झोपण्याआधीची. 4 मिलिमीटरची सुई बहुतेक मुलांना पुरते. मांडीची पुढची-बाहेरची बाजू, बेंबीपासून दोन बोटं सोडून पोट, कुल्ल्याचा वरचा भाग, अशा जागा रोज बदला. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे खड्डा पडतो किंवा मऊ गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोजची जागा एका अक्षरात लिहिलीत तर बुडालेला डोसही तिथेच कळतो. रात्रीचा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवा आणि दवाखान्यात द्या. सोसायटीच्या कचऱ्यात त्या सफाई कामगाराच्या हातात शिरतात.

मुलगी सात वर्षांची, टर्नर सिंड्रोमचं निदान झालंय. तिचं हॉर्मोन चाचणीत बरोबर आलं, तरी इंजेक्शन का? (नेरूळ)

टर्नरमध्ये हॉर्मोन कमी पडत नाही, हाडं त्याला कमी दाद देतात. म्हणून उत्तेजन चाचणीची गरजही नसते आणि डोस जास्त लागतो: किलोला रोज 45 ते 50 मायक्रोग्रॅम. सात वर्षांचं वय सुरुवातीला चांगलं आहे, लांबवू नका. त्याआधी हृदय आणि महाधमनीचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि कानांची तपासणी झालेली असावी. थायरॉइड आणि साखर दर वर्षी. कान वारंवार फुटत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे लवकर जा, या मुलींमध्ये श्रवण हळूहळू कमी होतं आणि शाळेत ते "लक्ष देत नाही" म्हणून खपून जातं. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास इस्ट्रोजेन अगदी थोड्या मात्रेत सुरू करतात. त्याची चर्चा डॉक्टरांशी आत्ताच करून ठेवा.

वय 42. तीन वर्षांपूर्वी पिट्युटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. थायरॉक्सिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू आहेत. आता ग्रोथ हॉर्मोन सुचवलंय. उंची तर वाढणार नाही, मग कशाला? गाठ परत वाढेल का? (पनवेल)

मोठ्यांमध्ये या हॉर्मोनचं काम वेगळं आहे. ते पोटावरची चरबी कमी करतं, स्नायू आणि हाडं टिकवतं, कोलेस्टेरॉल सुधारतं आणि बऱ्याच जणांचा सततचा थकवा कमी होतो. पिट्युटरीची तीन किंवा अधिक हॉर्मोनं कमी असतील आणि आयजीएफ-1 ही खाली असेल, तर उत्तेजन चाचणीशिवायही निदान धरतात.

डोस मोठ्यांना वजनावर नसतो. तुमच्या वयात रोज 0.2 ते 0.3 मिलिग्रॅमनं सुरुवात करून दर एक-दोन महिन्यांनी 0.1 ते 0.2 नं वाढवतात, आणि आयजीएफ-1 वयाच्या सामान्य पट्ट्यात आला की थांबतात. साठीपुढे सुरुवात 0.1 ते 0.2 पासून. इस्ट्रोजेन गोळीतून घेतलं तर यकृत आयजीएफ-1 कमी बनवतं आणि डोस जास्त लागतो. पॅच किंवा जेलचं तसं नाही. म्हणून इस्ट्रोजेनची गोळी बंद केली किंवा बदलली तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय राहू नका, तोच डोस अचानक जास्त ठरतो. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, रात्री हाताला मुंग्या, सांधे दुखणं ही डोस जास्त झाल्याची भाषा आहे. डोस कमी केला की बहुधा जातं.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतून मिळणारं कॉर्टिसोल. ग्रोथ हॉर्मोन सुरू झालं की शरीराला मिळणारं कॉर्टिसोल कमी होतं आणि थायरॉक्सिनही कमी पडू लागतं. आतापर्यंत पुरणारा डोस अपुरा होऊ शकतो. चक्कर, मळमळ, अंगात त्राण नसणं याला "नव्या औषधाची सवय होतेय" म्हणू नका. सहा ते आठ आठवड्यांनी फ्री टी4 (रक्तातलं थायरॉक्सिन) तपासून घ्या. तापात हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट करण्याची तुमची लेखी सूचना घरच्यांनाही माहीत हवी. उलट्यांनी गोळी पोटात ठरत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन ताबडतोब लागतं.

गाठीचं म्हणाल, तर पिट्युटरीच्या साध्या गाठींमध्ये या उपचारानं गाठ पुन्हा वाढण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. सुरू करण्याआधीचा एमआरआय स्थिर हवा आणि पुढचे वेळेवर व्हावेत. कुठलाही चालू कर्करोग असताना हे औषध देत नाहीत. मधुमेह असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि साखरेची औषधं वाढवावी लागतील हे धरून चाला. अतिदक्षता विभागात भरती होण्याइतका आजार किंवा मोठी शस्त्रक्रिया आली तर हे इंजेक्शन चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना लगेच सांगा. गंभीर आजारात ते चालू ठेवणं धोक्याचं ठरतं. साध्या सर्दी-तापात थांबवायची गरज नाही.

मी 24 वर्षांचा आहे. जिममधला ट्रेनर "जीएच" ची बाटली देतो, रोज 4 युनिट घे म्हणतो. थोडे दिवस घेतलं तर चालेल ना? (कोपरखैरणे)

नाही. 4 युनिट म्हणजे सव्वा मिलिग्रॅमहून अधिक, आजारी माणसाच्या सुरुवातीच्या डोसच्या कितीतरी पट. तुझं शरीर हे हॉर्मोन पुरेसं बनवतंय. वरून घेतल्यावर आरशात जे भरलेलं दिसतं त्यात बराच भाग पाण्याचा असतो, ताकद त्या मानानं वाढत नाही. वाढते ती साखर, सांध्यांची सूज, मनगटातल्या नसेवरचा दाब. दीर्घकाळ घेतलं तर जबडा आणि हातापायांची हाडं रुंद होतात आणि ती मागे फिरत नाहीत. चिठ्ठीशिवाय हातोहात फिरणाऱ्या बाटलीत नेमकं काय आहे आणि ती थंड राहिली होती का, हे ट्रेनरलाही ठाऊक नसतं. याच्या जोडीला इन्सुलिन सुचवणारेही भेटतील. निरोगी माणसाची साखर त्यानं झोपेत इतकी उतरू शकते की सकाळी उठवता येत नाही. घेणं सुरू केलं असशील तर आजच बंद कर. तुझी स्वतःची पिट्युटरी आपलं काम पुन्हा सुरू करते. उपाशीपोटी साखर, एचबीए1सी आणि आयजीएफ-1 करून एन्डोक्रायनॉलॉजिस्टना (हॉर्मोनांच्या डॉक्टरांना) दाखव, आणि काय टोचलं ते त्यांना खरं सांग. स्पर्धेत उतरत असशील तर हे वाडाच्या (खेळांतल्या उत्तेजकांवर बंदी घालणाऱ्या जागतिक संस्थेच्या) यादीत कायम बंदी असलेलं औषध आहे, स्पर्धा नसतानाच्या दिवसांतही.

या पत्रांबरोबरच एका आजोबांनी नौपाड्याहून विचारलं आहे की हे औषध मृतदेहांपासून काढतात का. एकेकाळी काढत. 1958 पासून मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढलेलं हॉर्मोन मुलांना दिलं जाई. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं 1985 मध्ये लक्षात आलं आणि तो वापर थांबला. त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयार केलेल्या हॉर्मोनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आजचं औषध जीवाणूंच्या किंवा इतर पेशींच्या मदतीनं बनतं, 191 अमिनो आम्लांची तीच साखळी, मृतदेहाशी कसलाही संबंध नसलेली. नातवाला द्यायला या कारणासाठी घाबरू नका.

मुलगी साडेचौदा वर्षांची, पाच वर्षं इंजेक्शन घेतेय. गेल्या सहा महिन्यांत फक्त 0.7 सेंटीमीटर वाढली. डोस वाढवावा का? (मुलुंड चेक नाका, ठाणे)

आधी खातरजमा करा की डोस बुडत नाहीत. या वयात मुली स्वतः टोचू लागतात आणि परीक्षा, सहल, कंटाळा यात आठवड्यातले दोन-तीन दिवस सहज सुटतात. रिकाम्या कार्ट्रिजचा हिशेब तिच्यावर न रागावता करता येतो. ते ठीक असेल तर मनगटाचा एक्स-रे. मुलींमध्ये हाडांचं वय 14 च्या पुढे गेलं (मुलग्यांमध्ये 16) आणि वाढ वर्षाला 2 सेंटीमीटरच्या खाली आली, की वाढीची टोकं मिटत आल्याचं समजतात. डोस वाढवून ती उघडत नाहीत. तिथे उंचीसाठीचं इंजेक्शन थांबवतात, हळूहळू कमी करावं लागत नाही.

पण फाइल बंद करू नका. लहानपणी एकट्या ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असलेल्या बऱ्याच मुलांची पिट्युटरी मोठेपणी पुरेसं हॉर्मोन बनवते, म्हणून किमान एक महिना औषधाशिवाय गेल्यावर आयजीएफ-1 आणि गरज वाटली तर उत्तेजन चाचणी पुन्हा करायची. कमतरता अजून असेल तर मोठ्यांच्या छोट्या डोसवर पुढे जायचं, कारण हाडांची घनता विशीतही भरत असते. एमआरआयमध्ये पिट्युटरीची रचनाच सदोष असेल किंवा इतर हॉर्मोनंही कमी असतील, तर खंड कधी आणि किती घ्यायचा हे शेवटचं कार्ट्रिज संपण्याआधीच डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या.